पाठीचा साक्षीदार

“आणि हा? हा पूर्वीपासून असाच आहे का?” डॉक्टरीणबाईंनी तिच्या पाठीमागून विचारलं, आणि न केलेल्या गृहपाठाबद्दल वर्गात उभं करावं तसं तिला झालं. ती आली होती मानेवरच्या तिळासाठी. बॅगेचा पट्टा घासून घासून तो हुळहुळा झाला होता, दिसायलाही काही शोभिवंत नव्हता, तेव्हा एकदाचा काढून टाकावा म्हणून कामावरून थोडी सवड काढून आली होती. डॉक्टरीणबाईंनी तो पाहिला, “हा काही नाही, पाच मिनिटांचं काम,” म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या की आलाच आहात तर सगळेच बघून घेऊ. हात दाखवून अवलक्षण म्हणतात. तिने मान दाखवून करून घेतलं. काचेचं काहीतरी गार गार पाठीला टेकलं आणि बराच वेळ तिथून हललं नाही. पाठीवर आपल्याला एक तीळ आहे हे तिला माहीत होतं, घराला माळा आहे हे माहीत असतं तसं. पण तो केवढा, कुठल्या रंगाचा, वर आलेला की सपाट, हे तिला सांगता येईना. “असेल तसाच,” ती म्हणाली. “असेल म्हणजे?” डॉक्टरीणबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी नीट समजावून सांगितलं: माझं मत काढावा असं आहे, पण जागा पाठीच्या मधोमध, टाके पडतील, व्रण राहील. जुना असेल आणि जसा होता तसाच असेल, तर तीन महिने थांबून पुन्हा बघता येईल. बदलला असेल तर मात्र एक दिवसही थांबायचं नाही. “घरी विचारून या,” त्या हात धुता धुता म्हणाल्या, “मिस्टरांना विचारा ना. त्यांना ठाऊक असणार.” “हो, विचारते,” ती म्हणाली आणि शर्टाची बटणं लावू लागली. मिस्टर आणि ती वेगळे होऊन नऊ वर्षं झाली होती, पण अर्ध्या कपड्यांत बसून कोण ही कर्मकथा सांगणार?

बाहेर रस्ता नेहमीसारखाच होता आणि तिला त्याचा राग आला. फुटपाथवर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता, दोन बायका एका छत्रीवरून हसत होत्या. तिला भीती वाटत होती. भीती म्हणजे पोटात गोळा वगैरे नाही, तर पाठीवर कोणीतरी नजर लावून बसल्यासारखी. माणसाला आपलं सगळं अंग आपलं वाटतं, पण निम्मं तर त्याने पाहिलेलंच नसतं. गुडघा ओळखीचा, हाताच्या शिरा ओळखीच्या, पोटाच्या वळ्यांशी तर रोजचं भांडण. पाठ मात्र शेजारच्या बिऱ्हाडासारखी: भिंत एक, येणंजाणं नाही. ती ज्यांना दिसते ते तिच्याबद्दल बोलत नाहीत, आणि जिची आहे तिला ती दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा लहान आरसा धरून, मान मोडेस्तोवर वळवून तिने तो पाहिला. आरसा जरा हलला की तीळ उडी मारून दुसरीकडेच जायचा. एकदाचा सापडला. तपकिरी, पण सगळा नाही. खालच्या कोपऱ्यात काळपट. कड एका बाजूने विरघळल्यासारखी. आपलाच तीळ, आणि तिने तो परक्या बाईचा असावा तसा पाहिला. मग आरशावर वाफ धरली.

खरी गंमत पुढेच आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की तिचं पोट ज्याच्यावर चालत होतं ते कामच मुळी तिळांचं होतं. एका फोटो स्टुडिओत ती फोटो साफ करायची. लग्नाचे, साखरपुड्याचे, नोकरीच्या अर्जाचे, भिंतीवर लावायचे. दिवसभर पडद्यावर लोकांचे चेहरे ताटाएवढे मोठे करून ती त्यांच्यावरून फिरायची. डोळ्यांखालचं काळं फिकट कर, दातांचा पिवळेपणा कमी कर, उडालेला केस बसव. स्टुडिओत तिला ‘खोडरबर’ म्हणायचे आणि ती ते मिरवायची. तिथे मालकांचा एक नियम होता. नवीन माणूस कामाला लागलं की ते चहा पाजून तो सांगत: पुरळ काढायचं, तीळ ठेवायचा. जे आठ दिवसांत आपोआप जाणार आहे ते आपण आज घालवायचं. जे जन्मभराचं आहे त्याला हात लावायचा नाही. “तीळ पुसलास ना, तर घरी गेल्यावर तो फोटो त्या माणसाला आपला वाटत नाही,” मालक सांगत. “पैसे देतो गुपचूप, पण भिंतीवर लावत नाही.” तिला हा नियम इतका पटला होता की फोटोबाहेरही ती तो लावत सुटे. एखादी काळजी आली की विचारी, हे पुरळ की तीळ? बहुतेक काळज्या पुरळ निघत. लग्नाला तिने तीळ धरलं होतं. त्यामुळे आता पाठीवरच्या तिळाला सुरी लावायची म्हटल्यावर तिच्या हाताची सवयच आडवी आली. वर आईचं जुनं वाक्य डोक्यात घोळत होतं, तिळाला लोखंड लावू नये, डिवचलं की ते पसरतं. आई गेली, आईचं शास्त्र राहिलं.

मग तिला तो फोटो आठवला. बहिणीच्या लग्नात तिने मागून खोल गळ्याचा ड्रेस घातला होता, आणि वाकून बहिणीच्या सँडलचा पट्टा लावत असताना कोणीतरी मागून फोटो काढला होता. तिच्या पाठीचा जगातला एकुलता एक फोटो. जेवणाच्या सुट्टीत तिने तो जुन्या फाइलींतून शोधून काढला, मोठा केला, पाठीवर आली, मणक्याच्या डावीकडे सरकली, आणि तिथे काहीच नव्हतं. गुळगुळीत, एकसारखी, फिकट गव्हाळ कातडी. क्षणभर तिला आनंदही झाला नाही आणि भीतीही वाटली नाही. नुसतं कोणीतरी खिसा कापल्यासारखं झालं. तीळ नव्याने उगवलाय की काय? पण नाही, लहानपणी आई आंघोळ घालताना त्याच्यावर साबण चोळायची, ते तिला चांगलं आठवत होतं. मग लक्षात आलं. स्टुडिओत लागायच्या आधी काम शिकत होती तेव्हा हात बसावा म्हणून ती घरचेच फोटो साफ करत बसायची. तो नियम अजून तिच्या कानावर पडायचा होता. तिनेच स्वतःची पाठ पुसली होती, आणि नवशिकी म्हणून मूळ फोटोवरच सेव्ह करून टाकली होती. कामही काय सफाईचं! वाईट केलं असतं तर निदान डाग तरी राहिला असता. तिने ओशाळून फाइल बंद केली आणि डबा न खाताच पुन्हा कामाला बसली. समोर एका थोराड नवरदेवाच्या गालावर मोठा काळा मस उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि नियमाप्रमाणे त्याला जिथल्या तिथे राहू दिलं.

म्हणजे आता साक्षीदार एकच उरला, मिस्टर. तो चष्मेवाला होता. स्वतःचं दुकान, मागे डोळे तपासायची लहानशी अंधारी खोली. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याला एक खोड होती. ती कुशीवर झोपली, की तो मागून त्या तिळावर बोट ठेवून घंटीसारखा दाबायचा आणि म्हणायचा, “कोण आहे का घरात?” ती म्हणायची, “घरात कोणी नाही, उद्या या.” हा खेळ कधी सुरू झाला ते तिला आठवत होतं, कधी संपला ते नाही. बहुधा तिनेच एकदा झोपेच्या तंद्रीत “आता पुरे” म्हटलं असावं, आणि तो कुठलीही गोष्ट दुसऱ्यांदा करून पाहणारा माणूस नव्हता. बोलणं तर त्याच्या स्वभावातच नव्हतं. कोणाच्या तोंडात तीळ भिजत नाही. याच्या तोंडात अख्खा डोंगर भिजून विरघळला असता. तिने केस कापले, तो म्हणाला, ठीक आहे. तिची आई गेली, ती तीन दिवस जेवली नाही, त्याने ताट झाकून ठेवलं आणि म्हणाला, होईल ठीक. मूल होत नाही म्हणून दवाखान्यांचे उंबरे झिजवले आणि शेवटच्या डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा रस्ता ओलांडता ओलांडता तो म्हणाला, ठीक आहे गं. काय ठीक होतं? दिवसभर गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलून “हे स्वच्छ दिसतं की हे?” विचारणारा माणूस, त्याला घरी काहीच कमीजास्त दिसत नव्हतं. भांडण असं झालंच नाही. भांडायलासुद्धा दोन माणसं लागतात. ती निघाली तेव्हा त्याने तिची बॅग खालपर्यंत आणून दिली.

खरं सांगायचं तर ती त्याच्याकडे खरं ऐकायला निघाली नव्हतीच. हे तिला त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर कळलं, आणि ती तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. तिला ‘ठीक आहे’ ऐकायचं होतं. ज्या दोन शब्दांपायी तिने संसार सोडला तेच दोन शब्द आज घेऊन जायचे होते: होता तसाच आहे, ठीक आहे. मग डॉक्टरीणबाईंना तसं सांगता आलं असतं, आणि तीन महिने मिळाले असते, आणि तीन महिन्यांत काय काय होत नाही? सोयीचा साक्षीदार म्हणतात तो हा. आपल्या या लबाडीची तिला लाज वाटली. तरी ती उठली आणि गेली.

काउंटरवर त्याची दुसरी बायको होती. दोघींनी एकमेकींना लांबून पाहिलं होतं, बोलायची वेळ आली नव्हती. येण्याआधी हिने त्याला फोन केला होता, ते त्याने तिला सांगून ठेवलं असणार, कारण तिने चष्म्याच्या फ्रेम पुसता पुसताच “या ताई” म्हटलं, आणि आतल्या खोलीचा पडदा बाजूला केला. “हे आत आहेत. मी गिऱ्हाईक बघते बाहेर.” मग हिचे पाय रेंगाळलेले पाहून हलक्या आवाजात म्हणाली, “अहो, जा. तिळाला कसली आलीय लाज? मी असते तर मीपण हेच केलं असतं.” तिला या बाईचा हेवा वाटला आणि ती बाई आवडलीही, दोन्ही एकाच वेळी.

खोलीत तोच वास होता, स्पिरिटचा आणि जुन्या लाकडी खणांचा. तो वाळला होता, कानामागचे केस पांढरे झाले होते. “बस,” म्हणाला. ती पेशंटच्या खुर्चीवर उलटी बसली, पाठ त्याच्याकडे, तोंड अक्षरांच्या तक्त्याकडे. मागची चेन तिची तिनेच खाली ओढली. अर्ध्यावर अडकली तेव्हा त्याने मदत केली नाही, थांबून राहिला. त्याने दिवा वळवला. पाठीला त्या दिव्याची ऊब लागली. ती तक्त्यावरची अक्षरं वाचत बसली, सर्वांत खालची ओळ काही केल्या लागेना.

“आहे की,” तो मागून म्हणाला. “ठीक आहे.”

मिळालं. ज्यासाठी आली होती ते इतक्या पटकन मिळालं की तिला पुरतं सुटल्यासारखंही वाटेना. तिने श्वास सोडला, हात मागे नेऊन चेन चाचपली.

“थांब.”

खण उघडल्याचा आवाज आला. भिंग काढलं असावं. मग इतका वेळ काहीच नाही, की बाहेर त्याची दुसरी बायको कोणाला तरी “नाकावर बसतोय का बघा” म्हणाली ते स्पष्ट ऐकू आलं.

“हात लावू का?” त्याने विचारलं.

“लाव.”

त्याने बोट ठेवलं. दाबलं नाही. कडेकडेने फिरवलं, एकदा या बाजूने, एकदा त्या, आणि मध्येच एका जागी थांबला, परत मागे गेला. तिच्या लक्षात आलं की हे बोट चाचपडत नाही, पडताळून बघतंय.

“गोल होता,” तो म्हणाला. “शर्टाच्या लहान बटणासारखा, सगळीकडून सारखा. बोट फिरवलं की पूर्ण कड लागायची. आता खालच्या अंगाला कडच लागत नाही. आणि हा काळा कोपरा... हा नव्हता.”

“तुला काय माहीत? तू अंधारात दाबायचास.”

“दाबायच्या आधी बघायचो.”

“कधी?”

“तू झोपलीस की. खिडकीतून रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड यायचा ना, तेवढ्यात.”

“आणि बोलला नाहीस कधी?”

“काय बोलायचं? तुझा तीळ चांगला आहे म्हणून?”

तिला हसू आलं. तो दिवा बंद करून समोर आला, स्टूल ओढून तिच्या समोर बसला, भिंग हातात तसंच. “तू कशाला आलीस ते कळलं मला,” तो म्हणाला. “मी तोंडातून तसं काढलंसुद्धा. माझं तसंच आहे, तोंडात तेच येतं. पण ठीक नाहीये. अजिबात ठीक नाहीये. काढून टाक तो. उद्याच जा.” आणि चेन वर करायची राहिली आहे हे दोघांच्याही लक्षात आलं नाही, पडदा बाजूला करून दुसरी आत डोकावली, तिने पुढे होऊन ती वर ओढली आणि काही न विचारता परत काउंटरवर गेली.

रस्त्यावर आल्यावर तिला जो राग आला त्याला तोड नव्हती. आंधळ्याशी संसार केला अशी तिची समजूत होती, आणि त्या समजुतीवर तिने एकटेपणाची नऊ वर्षं सुखाने नाही तरी मानाने काढली होती. आता कळत होतं की तो बघत होता. बारकाईने, दररोज, पोस्टाचं तिकीट जपून ठेवणाऱ्या माणसासारखा. मग आई गेली तेव्हाची तीन दिवसांची उपाशी मीही त्याला दिसले असेन. शेवटच्या डॉक्टरांच्या दारात भिंत धरून उभी राहिलेली मी दिसले असेन. सगळं दिसत होतं, आणि मेल्याने तोंड उघडलं नाही! आंधळा माफ करता येतो. पण बघणारा मुका? आणि ती स्वतः? तिने तरी कधी मागे वळून विचारलं होतं का, की बाबा रे, काय दिसतंय तुला? तिने उत्तरं ऐकली होती, प्रश्न कधी नीट विचारलाच नव्हता. चालता चालता ती स्टुडिओ मागे टाकून बरीच पुढे गेली आणि मग परत फिरली. त्या दिवशी एका नवरीच्या कपाळावरचं पुरळ काढताना तिला पहिल्यांदा वाटलं की मालकांच्या नियमात एक भोक आहे. तीळही बदलतात. जन्मभराचं म्हणून ज्याच्याकडे आपण बघायचंच सोडून देतो, तेच आतून गुपचूप सरकत राहतं.

“विचारलंत का मिस्टरांना?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“विचारलं. बदललाय म्हणाले,” ती म्हणाली. तिच्याही नकळत ‘म्हणाले’ तोंडात आलं. “खालची कड गेलीय, आणि काळा कोपरा पूर्वी नव्हता.”

डॉक्टरीणबाईंची भुवई वर गेली. “चांगली नजर आहे हो त्यांची,” म्हणाल्या, आणि लगेच सिस्टरना ट्रे लावायला सांगितला.

पालथं झोपून, तोंड उशीत खुपसून, तिने बधिर करायच्या इंजेक्शनची आग सोसली. पुढे दुखलं नाही. नुसतं ओढल्यासारखं होत होतं, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावरचा कपडा उसवावा आणि त्याची ओढ आपल्याला जाणवावी तसं. सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या लेकीच्या परीक्षेच्या गोष्टी सांगत होत्या. टाके घालून झाल्यावर तिने विचारलं, “मला बघता येईल?” डॉक्टरीणबाईंनी लहानशी बाटली तिच्यासमोर धरली. पाण्यासारख्या औषधात कातडीची एक चिमूट तरंगत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिने तो सरळ पाहिला, आरशाशिवाय, मान न मोडता. केवढासा. पडद्यावर मोठा करून बघायची सवय असलेल्या डोळ्यांना तो भलताच बारका वाटला. खालची कड खरोखरच नव्हती. तो म्हणाला होता तंतोतंत तशी. ती त्या बाटलीकडे बघत असताना तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, तिळासाठी नाही, तर इतकं नीट आपल्याला कोणी पाहिलं होतं आणि आपण ते असं हातचं घालवलं, म्हणून. सिस्टरना वाटलं दुखतंय. त्यांनी गोळी दिली.

मग वाट पाहणं. त्याबद्दल काय सांगायचं? ती कामाला गेली, मन लावून चेहरे साफ केले, ड्रेसिंग बदलायला दवाखान्यात गेली. कूस बदलताना टाके ओढायचे. कधी तिला वाटायचं, काही निघणार नाही आणि आपण उगाच काहूर माजवलं. कधी आंघोळ करता करता ती बादलीच्या काठाला धरून बसून राहायची. मरणाची भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती ती एकटीने आजारी पडायची. औषधाच्या वेळा कोण सांगणार? रात्री पाणी कोण देणार? हे प्रश्न तिने पुरळात ढकलून पाहिले, जाईनात.

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला खुर्चीवर बसवून मगच तोंड उघडलं. “सुरुवात झाली होती,” त्या म्हणाल्या. “वाईटाचीच सुरुवात. पण फक्त वरच्या थरात. सगळा निघालाय, कडा स्वच्छ आहेत. पुढे काही करायचं नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं.” आणि मग, कागद घडी घालता घालता, “खरं सांगू? तसाच आहे म्हणाला असतात तर मी तुम्हाला तीन महिने दिले असते. वर्षभराने मात्र हे बोलणं वेगळं झालं असतं.”

दवाखान्याच्या पायऱ्या उतरून ती रस्त्यावर आली आणि कोपऱ्यावरच्या भिंतीला टेकणार, तोच टाक्यांची आठवण होऊन सरळ उभी राहिली. तिने त्याला फोन लावला. “मी बोलतेय,” ती म्हणाली. “रिपोर्ट आला. तू म्हणालास तेच होतं. सुरुवात होती. पण वेळेवर निघाला, सगळा निघाला. तू सांगितलं नसतंस तर राहिला असता.” पलीकडे काहीच नाही. त्याचं गप्प बसणं तिच्या ओळखीचं होतं, ती थांबली. मग काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, कोणीतरी खुर्ची सरकवली, आणि फोनवर दुसरीचा घाबरा आवाज आला. “ताई? अहो, काय सांगितलंत तुम्ही यांना? हे रडतायत हो! हमसून हमसून रडतायत. समोर गिऱ्हाईक बसलंय, डोळ्यांत औषध घालून. मी इतक्या वर्षांत यांना असं कधी पाहिलं नाही.”

“मीही नाही,” ती म्हणाली. “चांगली बातमी आहे. मी बरी आहे. त्याला रडू दे.”

“फोन ठेवू?”

“नको. राहू दे तसाच.”

दुसरीने फोन काउंटरवर ठेवल्याचा आवाज आला, मग तिचं “अहो, पाणी घ्या, घ्या ना,” आणि कुठल्यातरी म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं “काय झालं, काय झालं?” आणि या सगळ्यांच्या मागे तो. भर दुपारी, रहदारीत, एक कान बोटाने बंद करून ती उभी राहिली आणि त्याचं रडणं शेवटपर्यंत ऐकलं.